बुडाखालचं नाव

(मातीकाम शिकणाऱ्या आणि त्यावर घर चालवणाऱ्या वाचकांच्या पत्रांना खानापूरच्या एका कुंभार-उद्योजिकेची उत्तरं)

प्रश्न : ताई, मी निपाणीची, वय चोवीस. कोल्हापुरात चित्रकलेची पदविका केली. दोन वर्षं झाली, तयार पांढरे मग विकत आणते, त्यावर रंगकाम करते आणि विकते. आजोबांनी फार पूर्वी बेळगाव कॅम्पातल्या एका बंगल्याचं सामान निघालं तेव्हा घेतलेली एक बशी आमच्या कपाटात आहे. परवा धुताना पहिल्यांदाच उलटी करून पाहिली. खाली उडी मारणारं हरीण आणि इंग्रजीत लिहिलंय, 'अ सुझी कूपर प्रॉडक्शन, क्राउन वर्क्स, बर्सलेम, इंग्लंड'. ही बाई कोण? तिचं नाव बशीच्या बुडाला कसं आलं? बाबा म्हणतात, मग रंगवून पोट भरत नाही, बँकेच्या परीक्षा दे. मी काय करू?

उत्तर : बाळ, तुझं पत्र वाचून मी हातातलं काम खाली ठेवलं. ती बशी जपून ठेव. तू विचारलंस, नाव बुडाला कसं आलं. माझ्या मते या धंद्यात याहून मोठा प्रश्न नाही. म्हणून सविस्तर सांगते.

सुझी कूपर यांचा जन्म 29 ऑक्टोबर 1902 चा, इंग्लंडातल्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागात, बर्सलेमजवळ. हा सगळा पट्टाच कुंभारांचा. जमिनीत माती आणि कोळसा दोन्ही, म्हणून भट्ट्या तिथे उभ्या राहिल्या. सात भावंडांत या धाकट्या. बर्सलेमच्या कलाशाळेत आधी संध्याकाळच्या वर्गाला जात होत्या, मग पूर्ण वेळ शिकल्या. पण मन मातीत नव्हतं, कपड्यांच्या डिझाइनमध्ये होतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये जायचं होतं आणि तिथल्या मदतीसाठी अट अशी होती की उमेदवार एखाद्या उद्योगात काम करणारा हवा. म्हणून शाळेचे प्रमुख गॉर्डन फोर्सिथ यांच्या शिफारशीवर 1922 मध्ये ए. ई. ग्रे यांच्या कारखान्यात रंगकामाला लागल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि सात वर्षं राहिल्या.

आता नीट ऐक. ग्रे यांच्याकडे माती मळली जात नव्हती. दुसऱ्या कारखान्यांतून पांढरी भांडी यायची, इथे फक्त रंग चढायचा. म्हणजे तू आज निपाणीत जे करतेस तेच. सुझीबाई आधी ब्रश चालवणाऱ्या कामगार होत्या, मग डिझाइनर झाल्या आणि त्यांच्या कामाला इतकी मागणी आली की कारखान्याच्या शिक्क्यात 'डिझाइन सुझी कूपर' असं येऊ लागलं. विशीतल्या, पगारावरच्या मुलीचं नाव मालकानं बुडाखाली छापलं!

एवढ्यावर पुष्कळांचं समाधान झालं असतं, त्यांचं झालं नाही. कारण रंग त्यांचा होता, आकार मात्र दुसऱ्याचा. कान कुठे बसवायचा, चोच किती पुढे काढायची, झाकण कसं बसायचं, हे आधीच कुणीतरी ठरवून टाकलेलं. दुसऱ्यानं मळलेल्या कणकेवर आपण फक्त तूप लावायचं, तसं ते. 1929 च्या ऑक्टोबरात, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या सुमाराला, त्या ग्रे यांच्याकडून बाहेर पडल्या. मेहुणा भागीदार आणि भांडवल घरचं. टन्स्टॉलमध्ये भाड्याची जागा घेतली, रंगकामाला मोजक्या मुली.

आणि त्याच महिन्यात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. काही आठवड्यांत त्यांच्या जागेचा मालकच दिवाळखोर झाला. काम बंद, जागा गेली. हातात ऑर्डरी असतील नसतील, त्या कुठे बसून पुऱ्या करायच्या?

बाळ, चरित्र सांगणारे लोक हा भाग दोन ओळींत उरकतात, मला मात्र तो सोडवत नाही. मोठी हिंमत करून नोकरी सोडलेली मुलगी, पैसा घरच्यांचा आणि पहिल्याच फटक्याला दाराला कुलूप. 1930 मध्ये त्यांनी बर्सलेममध्ये दुसरी जागा पाहिली आणि पुन्हा सुरुवात केली. पांढरी भांडी अजून बाहेरूनच घ्यावी लागत होती. पण आता त्या आपल्या आकारांची चित्रं काढून ठेवत होत्या, कुणी घडवून देईल का याची वाट बघत. 1931 मध्ये वुड अँड सन्स या जुन्या कारखान्यानं आपल्या आवारातली क्राउन वर्क्स ही जागा देऊ केली, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांच्या आकाराप्रमाणे भांडी घडवून द्यायचं कबूल केलं. तुझ्या बशीवरचं 'क्राउन वर्क्स' ते हे. 1932 मध्ये त्यांचा 'केस्ट्रल' नावाचा आकार आला. केस्ट्रल म्हणजे ससाण्याच्या जातीचा एक पक्षी. कॉफीचं भांडं गोल पोटाचं, चोच त्या पोटातूनच वर निघालेली, वेगळी चिकटवल्यासारखी नाही. हरणाचा शिक्काही त्याच सुमाराचा. तेव्हा कुठे वरून खालपर्यंत भांडं त्यांचं झालं.

पुढचं भराभर सांगते. हातानं रंगवलेलं भांडं मध्यमवर्गाला परवडेना म्हणून 1930 च्या दशकात त्यांनी छापील चित्रांचे कागद वापरायला घेतले. कागद ओला करून चित्र भांड्यावर उतरवायचं, पण ते इतकं नाजूक की हातचं वाटावं. हातकामाचा हट्ट धरून बसल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. 1938 मध्ये लग्न, 1940 मध्ये 'रॉयल डिझायनर फॉर इंडस्ट्री' हा मान, 1942 मध्ये कारखान्याला आग, 1943 मध्ये मुलगा. आगीमुळे थांबलेलं काम युद्ध संपल्यावर सुरू केलं. 1950 मध्ये लाँगटनचा एक चिनीमातीचा कारखाना घेतला. 1957 मध्ये पुन्हा आग. 1966 मध्ये कंपनी वेजवुड या भांड्यांच्या जुन्या, मोठ्या कंपनीकडे गेली, तरी त्या डिझाइन करतच राहिल्या. 1987 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. 28 जुलै 1995 ला गेल्या, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी.

आता माझं सांगते, म्हणजे मला हे एवढं का लागतं ते कळेल. पंधरा वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानानं माझ्याकडून कप घ्यायला सुरुवात केली. महिन्याला तीनशे कप, पैसे वेळेवर. अट एकच, खाली काही लिहायचं नाही, बूड कोरं ठेवायचं. घरात मुलीचं शिक्षण चालू होतं, मी हो म्हणाले. चार वर्षं कोरे कप पाठवले. मग टिळकवाडीत एका लग्नाला गेले, तिथे नवरीला आलेल्या आहेरात एक सुबक खोका होता. उघडला तर माझे कप. मी कानाचं खालचं टोक अंगठ्यानं दाबून चिकटवते, त्याचा एक उथळ खळगा राहतो. तिथे अंगठा टेकवला आणि बरोब्बर बसला. बुडाला दुकानाचं नाव छापलेलं, खोक्यावर 'आमच्या कार्यशाळेत घडवलेले' असं. नवरीची आई मला म्हणाली, "बघा ना, किती सुंदर काम करतात ते लोक!" मी हो म्हटलं. तिथे काय सांगणार? घरी येऊन रात्री शिक्का कोरायला घेतला. पुढच्या खेपेला शिक्का मारलेले कप पाठवले, ते परत आले. त्यानंतरची दीड वर्षं ओढाताणीची गेली. पण त्या दिवसापासून माझ्या हातून बिननावाचं भांडं बाहेर गेलेलं नाही.

तर तू काय करायचं? बाबांशी भांडू नकोस. सुझीबाई सात वर्षं पगारावर होत्या, त्यात कमीपणा नाही. परीक्षा द्यायची तर दे. पण संध्याकाळचे दोन तास मगांना दे आणि एक आकार, फक्त एकच, स्वतःचा कर. मगाचा नको, बशीचा नको. आपल्याकडे रोज लागेल असं काहीतरी, म्हणजे ताकाचा पेला, लोणच्याचा सट, तुपाची वाटी. तो आकार प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या साच्यातून ओतून कसा काढतात, हे इथे खानापूरच्या केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थेत शिकता येतं. खादी ग्रामोद्योग आयोगाची संस्था आहे. मीही तिथेच शिकले. निपाणीहून बेळगाव, तिथून खानापूर, सकाळी निघालीस तर येऊन बघून संध्याकाळी घरी जाशील. येताना बशी घेऊन ये. मलाही ते हरीण बघायचंय.

प्रश्न : आमचं घर कुंभाराचं, नंदगडच्या बाजूला. थोरल्या मुलाचा दोन वर्षांपूर्वी अपघात झाला, उजवा पाय गुडघ्यातून वाकत नाही. आमचं चाक जमिनीवरचं, काठीनं फिरवायचं, उकिडवं बसावं लागतं. त्याला जमत नाही. तो म्हणतो आता मी या धंद्यात काय कामाचा? दिवसभर मोबाइल घेऊन बसतो. काहीतरी सांगा.

उत्तर : दादा, आधी सोपं सांगते. विजेवरचं चाक येतं, त्यासमोर स्टुलावर बसून काम होतं. वेग कमीजास्त करायला पायानं दाबायचा पेडल असतो, तो डाव्या पायाखाली घेता येतो किंवा हातानं फिरवायचं बटण बसवून मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात कुंभारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आधी 1 लाख आणि ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज, व्याज 5 टक्के. अर्जाची चौकशी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये करा.

पण चाक मिळालं म्हणजे मुलाचं मन उभं राहील असं नाही. त्याला जोसाया वेजवुड यांची गोष्ट सांगा. वरच्या उत्तरात ज्या कंपनीचं नाव आलं, तिचे हे संस्थापक. तेही बर्सलेमचेच, 1730 चा जन्म, कुंभाराच्या घरातलं धाकटं पोर. लहानपणी देवी आल्या, त्यात उजवा गुडघा कायमचा अधू झाला. तेव्हाचं चाक पायानं ढकलायचं, आणि तेच जमेना. भावाच्या हाताखाली काम शिकत असताना चाकावर बसता येत नाही म्हटल्यावर ते मातीकडे आणि झिलईकडे वळले. कुठली माती किती, कुठली पूड किती, भट्टीत कुठल्या जागी ठेवली, काय निघालं, हे सगळं वहीत, तेही सांकेतिक आकड्यांत, म्हणजे दुसऱ्याच्या हाती वही लागली तरी कळू नये. 1768 मध्ये तो पाय कापावा लागला. भूल द्यायची पद्धत तेव्हा नव्हती. लाकडी पाय लावून हा माणूस कारखान्यात फिरायचा, आणि पुढच्याच वर्षी, 1769 ला, त्यांनी इट्रुरिया नावाचा नवा कारखाना सुरू केला. निळ्या मातीवर पांढरी नक्षी असलेली 'जॅस्पर' भांडी हजारो चाचण्यांनंतर साधली. भट्टीची उष्णता मोजायचं साधन काढलं म्हणून 1783 मध्ये रॉयल सोसायटीनं त्यांना सभासद केलं. आणि दादा, भांड्यावर स्वतःचं नाव ठसवणाऱ्या इंग्लंडातल्या सुरुवातीच्या कुंभारांत ते होते.

तुमच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे ना? त्याला म्हणावं, प्रत्येक भट्टीचा फोटो काढ. भांडी कशी रचली, लाकूड किती जाळलं, वारा कुठला होता, किती फुटली, कुठल्या थरातली फुटली, सगळं लिही. आपल्या घरात हे ज्ञान आजोबांच्या डोक्यात असायचं आणि आजोबांबरोबर जायचं. माझ्या आजोबांना ज्वाळेच्या रंगावरून भट्टी झाली की नाही ते कळायचं. तांबडी, मग नारिंगी, मग नारिंगीत पिवळट झाक आली की लाकूड घालणं थांबवायचे. ते गेल्यावर आमच्या पहिल्या तीन भट्ट्या कच्च्या निघाल्या. कुणीतरी लिहून ठेवलं असतं तर! तुमच्या घरात लिहिणारा माणूस तयार आहे.

प्रश्न : ताई, मी अनगोळची. उन्हाळ्यात हौसेनं रंगीत नक्षीचा माठ घेतला, पाणी गार होतच नाही. माठ खराब का?

उत्तर : वहिनी, माठ खराब नाही, त्यावरचा तैलरंग चुकला. माठाच्या अंगातून पाणी बारीक पाझरतं, बाहेर येऊन वाऱ्यावर उडतं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. ऑइल पेंटनं ती भोकंच बुजली. काथ्यानं घासून निघाला तर बघा, साबण लावू नका. नाही निघाला तर त्यात तुळस लावा आणि साधा तांबडा माठ आणा. आपल्या खानापूरच्या तांबड्या मातीचा असेल तर उत्तम.

आणि एक, चमकदार झिलईच्या स्वस्त भांड्यात सोलकढी, चिंचेचं सार, लोणचं ठेवू नका, जोवर विकणारा छातीठोकपणे सांगत नाही की झिलईत शिसं नाही. काही ठिकाणी अजून शेंदूर घालून झिलई करतात. शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. आंबट पदार्थात ते उतरतं. लहान मुलांच्या घरात तर नकोच.

प्रश्न : आम्ही संकेश्वरच्या पाच जणी मिळून पणत्या, कुंड्या, ज्येष्ठातल्या मातीच्या बैलांच्या अमावास्येला बैलजोड्या करतो. वर्षाच्या शेवटी हिशेब केला तर हाती काहीच नाही. किंमत कशी ठरवायची?

उत्तर : तुम्ही बाजारात जाऊन शेजारच्या बाईचा भाव ऐकता आणि त्यातून एक रुपया कमी करता, बरोबर ना? मीसुद्धा आठ वर्षं तेच केलं.

एक काम करा. पुढच्या भट्टीचा पूर्ण खर्च एका कागदावर मांडा. माती, गाडीभाडं, लाकूड किंवा गॅस आणि पाचही जणींचे दिवस. स्वतःचे दिवस लिहायला बायकांचा हात अडखळतो. "ते काय, घरचंच काम." नाही. शेतात भांगलायला गेला असता तर जी मजुरी मिळाली असती, ती लिहा. मग त्या खर्चाला भट्टीत घातलेल्या नगांनी भागू नका, शाबूत बाहेर आलेल्या नगांनी भागा. समजा 400 घातल्या, 340 निघाल्या, तर खर्च 340 वर बसतो. त्या 60 फुटलेल्या पणत्यांचं लाकूडही जळलंच ना?

आणि फूट कमी करा. कुंड्या फुटतात त्या बहुतेक भट्टीत नाही, त्याआधी वाळताना. काठ पातळ, लवकर सुकतो. बूड जाड, ओलं राहतं. काठ आकसायला लागतो, बूड सोडत नाही, मग चीर. काठावर ओलं फडकं टाका, कुंडी उलटी करून बूड वर ठेवा. पावसाळ्यात आपल्या भागात दहा दिवसांनीही वरून कोरडं वाटलेलं भांडं आतून ओलं असतं. गालाला लावून बघा. गार लागलं तर ओल आहे, भट्टीत घालू नका. घातलंत तर पाण्याची वाफ होऊन ते भांडं फुटेल आणि शेजारच्या चार भांड्यांना घेऊन जाईल.

बैलजोड्यांबद्दल माझं मत विचाराल तर त्यांचा भाव वाढवू नका. त्या दिवशी पोरं दारोदार बैल घेऊन येतात, ते राहू दे. नफा कुंड्यांवर काढा.

प्रश्न : तुमच्या शिबिरात तुम्ही सांगितलंत की प्रत्येक भांड्यावर शिक्का मारा. घरी सासूबाई म्हणाल्या, "मडक्यावर कुणाचं नाव असतंय काय? आपल्या सासऱ्यानं कधी घातलं नाही. मडकं कुणाचंबी असूदे, खरं पाणी गार पाहिजे." दिराचं म्हणणं, नाव घालायचंच तर मराठीत घालू की कन्नडात? आपल्याकडे कुणाला काय वाटेल सांगता येत नाही. काय करू? (खानापूर तालुका)

उत्तर : आधी दिरांना उत्तर देते. माझा शिक्का देवनागरीत आहे, कारण माझी सही देवनागरीत आहे. माझी भांडी हुबळी-धारवाडला जातात, कोल्हापूरला जातात, गोव्याला जातात. शिक्क्याच्या लिपीमुळे एकही परत आलेलं नाही. खोक्यातल्या चिठ्ठीवर मात्र मी मराठी आणि कन्नड दोन्ही लिहिते, कारण भांडं पहिल्यांदा वापरताना पाण्यात बुडवून ठेवायचं, हे विकत घेणाऱ्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. धारवाडच्या एका आजींनी मला कन्नडात पत्र लिहून ताकाच्या पेल्याचं कौतुक केलं होतं. ते मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. अजून कपाटात आहे.

आता सासूबाई. त्यांचं बोलणं उडवून लावू नका. पाणी गार पाहिजे हे शंभर टक्के खरं. पण त्यांना एक विचारा. तुमच्या सासऱ्यांनी चाकावर मडकं उतरवलं की पुढे काय व्हायचं?

मला माहीत आहे काय व्हायचं, कारण आमच्याही घरी तेच होतं. आजोबा आणि बाबा चाकावर बसायचे. बाईनं चाकाला हात लावायचा नाही, ही रीत. चाकावरून उतरलेलं मडकं जाडजूड, ठेंगणं असायचं. गळा आणि काठ तेवढा पक्का, खालचा भाग अजून कशाचाच नाही. ते आईकडे यायचं. ती राख भुरभुरायची, डाव्या हातात गुळगुळीत गोल दगड घेऊन तो मडक्यात घालायची आणि उजव्या हातातल्या लाकडी थापीनं बाहेरून ठोकत राहायची. ठप ठप ठप, एका लयीत, मडकं मांडीवर फिरवत फिरवत. त्या ठोकण्यानं माती पातळ व्हायची, पोट फुगायचं आणि बूड मिटून गोल व्हायचं. थापी जास्त जोरात पडली तर भोक, हळू पडली तर जाड राहून भट्टीत फुटायचं. एका मडक्याला शेकडो ठोके. दुपारी झोप लागताना आणि सकाळी उठताना मी तो आवाज ऐकलाय. चाळीस वर्षं तिनं हे केलं. बाजारात मात्र लोक म्हणायचे, अमक्या कुंभाराचं मडकं. पाणी गार व्हायचं ते तिनं पातळ केलेल्या अंगातून.

सासूबाईंच्या तळहाताकडे बघा, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा असेल. आमच्या आईच्या हाताला होता.

शिक्का असा करा. चिकणमातीची बोटाएवढी कांडी घ्या, एक टोक सपाट करा, थोडी सुकू द्या. त्यावर अक्षरं उलटी कोरा, आरशात दिसतात तशी. हवी त्यापेक्षा थोडी मोठीच कोरा, कारण वाळून-भाजून कांडी आकसते, आणि ज्या भांड्यावर ठसा उमटतो तेही आकसतं. काना आणि वेलांटी खोल घ्या, नाहीतर बुजतात. ती कांडी भट्टीत भाजून घ्या. भांडं अर्धवट वाळलं की, म्हणजे नख लावलं तर उमटतं पण बोटाला माती चिकटत नाही, तेव्हा आतून एका हाताचा आधार द्या आणि बाहेरून शिक्का एकदाच दाबा. हलवू नका.

पहिला शिक्का सासूबाईंच्या हातून मारून घ्या. माझ्या शिक्क्यात दोन अक्षरं आहेत. पहिलं आईच्या नावाचं, दुसरं माझ्या.